इफिसकरांस २:८ मधलं ‘हे’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या सदर भागात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण नवा करार मूळ ग्रीकशी ताडून वाचतो. त्यात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) आहेत, कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, रविवारी हॉलमध्ये टाळ्या वाजवून गाणारेही आहेत. पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढला आणि आठव्या वचनावर गाडी अडली. पुढे महिनाभर तेच तेच प्रश्न फोनवर येत राहिले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ग्रीक शब्द देवनागरीत लिहिले आहेत, उच्चार स्थूलमानानं घ्यावेत.

१. हे वचन काय म्हणतं, आणि त्यात वाद कशाचा?

ग्रीकमधला शब्दक्रम शक्य तितका राखून मराठीत आणलं तर वचन ८ आणि ९ असं दिसतं: ‘कारण कृपेने तुम्ही तारलेले आहात, विश्वासाद्वारे, आणि हे तुमच्यातून नाही, देवाचं ते दान, कर्मांतून नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये.’ वाद ‘हे’ या एका शब्दाचा आहे. ‘हे तुमच्यातून नाही’ म्हणजे काय तुमच्यातून नाही? कृपा तुमच्यातून नाही, हे तर उघडच आहे. पण ‘हे’ म्हणजे विश्वास असेल, तर माणसाचं विश्वास ठेवणंसुद्धा देवानंच दिलेलं ठरतं. ‘हे’ म्हणजे तारलं जाण्याचा सगळा व्यवहार असेल, तर विश्वास कुठून येतो याबद्दल हे वचन स्वतंत्रपणे काही सांगत नाही. माणसाच्या इच्छेला किती जागा आहे, यावर मंडळ्यांमध्ये शेकडो वर्षं चाललेल्या चर्चेत हा शब्द पुन्हा पुन्हा साक्षीला उभा केला जातो.

२. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तर सरळ कळतं की ‘हे’ म्हणजे तारण. मग ग्रीक कशाला?

सरळ कळतं, आणि गोम तिथेच आहे. मराठी भाषांतरात ‘तुमचे तारण झाले आहे’ असं वाचलं की ‘तारण’ हे नपुंसकलिंगी नाम कानात राहतं आणि पुढचं नपुंसकलिंगी ‘हे’ आपसूक त्याला जाऊन चिकटतं. पण ग्रीक वाक्यात ‘तारण’ असं नामच नाही. तिथे क्रियापदाचं रूप आहे, ‘तारलेले आहात’. ग्रीकमध्ये तारणाला जे नाम आहे, सोतेरिआ, ते स्त्रीलिंगी आहे आणि या वाक्यात ते आलेलं नाही. म्हणजे मराठी वाचक योग्य अर्थाच्या अगदी जवळ पोचतो खरा, पण मूळ वाक्यात नसलेल्या नामाचा हात धरून. (तारण म्हटल्यावर आमच्यातल्या एकाला इतवारीतल्या सराफाकडची सोनेतारणाची पाटी आठवते. तो अर्थ इथे अर्थातच नाही.)

३. लिंगाचा एवढा बाऊ कशाला? आमच्या घरी हिंदी बायबल वाचतात, तिथे काही अडत नाही.

अडत नाही, कारण हिंदीत ते दिसतच नाही. ‘यह’ला लिंग नाही, यह किताब, यह कपड़ा, यह बात, सगळ्यांना तेच ‘यह’. इंग्रजीतल्या ‘धिस’चंही तसंच. मराठीत मात्र हा, ही, हे अशी तीन तोंडं आहेत आणि ग्रीकमध्येही तीनच: हूतोस, हाउते, तूतो. नागपुरात बहुतेकांना दोन्ही भाषा येतात, तेव्हा निदान या वचनापुरतं मराठी पान उघडा, असं मी सांगतो. इंग्रजी टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्यं, नपुंसकलिंगी सर्वनाम समजावायला दोन पानं खर्च करतात. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. व्याकरणातलं लिंग वस्तूच्या स्वभावाबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे लोक ‘संत्रा गोड निघाला’ म्हणतात, पुण्याकडे ‘संत्रं गोड निघालं’. फळ तेच. कृपा ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी आहे म्हणून तिच्यात आईपण शोधणारं प्रवचन ऐकायला गोड वाटतं, पण त्याला व्याकरणाचा आधार नाही.

४. बरं, मग मूळ ‘हे’ कशाकडे बोट दाखवतं?

मूळ शब्द तूतो, नपुंसकलिंगी, एकवचनी. त्याच्या आधी दोन नामं आली आहेत: खारिस म्हणजे कृपा आणि पिस्तिस म्हणजे विश्वास. ग्रीकमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत ‘विश्वास’ पुल्लिंगी असल्यामुळे हा पेच नीट उमटत नाही, म्हणून वर्गात आम्ही तात्पुरता ‘श्रद्धा’ शब्द घेतो: ‘कृपेने तुम्ही तारलेले आहात, श्रद्धेद्वारे, आणि हे तुमच्यातून नाही.’ आता दोन्ही नामं स्त्रीलिंगी आणि सर्वनाम मात्र ‘हे’. ऐका, कान काय म्हणतो.

आता स्वयंपाकघरातली दोन वाक्यं घ्या. ‘आईनं सांबारवडी केली, ती बरी झाली.’ ‘आईनं सांबारवडी केली, हे बरं झालं.’ पहिल्यात वडी चवीला बरी झाली. दुसऱ्यात वडी कदाचित करपलीही असेल. आईनं ती केली, ही गोष्ट बरी झाली. ‘हे’ वडीकडे बोट दाखवत नाही, घडलेल्या सगळ्या गोष्टीकडे दाखवतं. हा फरक आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी चौथीतलं पोरही तो चुकत नाही.

ग्रीक तूतो नेमकं हेच काम करतं, आणि याच पत्रात करतं. ६:१ मध्ये ‘मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा, कारण हे योग्य आहे’ असं आहे. तिथे ‘हे’ म्हणजे आज्ञेत राहणं, ते कुठलंही एक नाम नाही. १:१५ मधलं ‘यामुळे’ आणि ३:१ व ३:१४ मधलं ‘या कारणानं’ ही देखील याच सर्वनामाची रूपं आहेत, आणि तिन्ही ठिकाणी मागं सांगितलेला सगळा मजकूर त्यात येतो. म्हणून माझा कौल असा: २:८ मधलं ‘हे’ म्हणजे कृपेनं, विश्वासाद्वारे तारलं जाणं, आख्खं.

५. विश्वासच म्हणायचा होता तर पौलानं सरळ स्त्रीलिंगी रूप काहून नाही वापरलं?

हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याला ‘हाउते’ म्हणता आलं असतं. ‘ही तुमच्यातून नाही’ असं वाक्य झालं असतं. काही जण यावर म्हणतात की दोन स्त्रीलिंगी नामं असल्यामुळे ‘ही’ कोणती असा घोळ झाला असता, म्हणून त्यानं ते टाळलं. पण घोळ टाळायला ‘हा विश्वास’ असं नाम पुन्हा घेऊन लिहिता येतंच. शिवाय ‘ही’ लिहिलं असतं तर वाचकानं सगळ्यात जवळचं नाम धरलं असतं, आणि ते विश्वासच होतं.

६. सर्वनामाचं लिंग नामाशी जुळायलाच हवं, असा ग्रीकचा पक्का नियम आहे का?

पक्का म्हणावा इतका नाही. नवा करार वाचताना दोन प्रकारच्या पळवाटा सापडतात.

एक म्हणजे ओढ. सर्वनाम मागच्या नामाचं लिंग सोडून पुढं येणाऱ्या विधेयाचं लिंग घेतं. मत्तय १३:३८ मध्ये ‘चांगलं बी, हे राज्याचे पुत्र’ असं आहे. बी हा शब्द ग्रीकमध्येही नपुंसकलिंगी एकवचनी, पण सर्वनाम आलंय पुल्लिंगी अनेकवचनी, ‘पुत्र’ला धरून. मराठीत हे दिसत नाही, कारण आपलं ‘हे’ नपुंसकलिंगी एकवचनीही असतं आणि पुल्लिंगी अनेकवचनीही. ग्रीकमध्ये ती दोन वेगळी रूपं आहेत. मग २:८ मधलं तूतो पुढच्या ‘दान’कडे ओढलं गेलं असेल का? दोरोन, म्हणजे दान, नपुंसकलिंगीच आहे. शक्यता म्हणून विचार करायला हरकत नाही, पण ‘हे’ आणि ‘दान’ एका वाक्यात नाहीत. ‘हे तुमच्यातून नाही’ हे एक वाक्य झालं, ‘देवाचं ते दान’ हे दुसरं. एवढ्या लांबून ओढ लागणं मला पटत नाही.

दुसरी पळवाट १ करिंथकरांस ६:११ मध्ये आहे. चोर, लोभी, मद्यपी अशी यादी देऊन पौल म्हणतो, ‘तुमच्यातले काही हे होते.’ इथलं ‘हे’ माणसांविषयी असूनही नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे, ‘असलं काहीतरी’ अशा नाक मुरडण्याच्या सुरात. थोडक्यात, लिंग न जुळणं अशक्य नाही, पण जिथे जुळत नाही तिथे कारण दाखवता यावं लागतं. २:८ मध्ये ते कारण मला सापडलेलं नाही.

७. कोणी म्हणतं ‘काइ तूतो’ म्हणजे ‘आणि तेही’. मग ते कशाकडे बोट दाखवतं असं नाहीच का?

ही वाट मला स्वतःला आवडते. १ करिंथकरांस ६:६ मध्ये पौल म्हणतो की भाऊ भावाला न्यायालयात खेचतो, ‘आणि तेही’ अविश्वासणाऱ्यांपुढे. दोन वचनांनंतर, ६:८ मध्ये, तुम्ही अन्याय करता, ‘आणि तेही’ भावांवर. दोन्हीकडे मूळ शब्द काइ तूतो. हे सर्वनाम मागच्या कुठल्याच नामाला धरत नाही. झालेल्या गोष्टीवर आणखी भर घालतं.

मराठी इथे ग्रीकपेक्षाही बोलकी आहे. ‘त्यानं एकच पोळी खाल्ली, आणि तीही कोरडी.’ इथे पोळीबद्दल भर घालायची म्हणून ‘तीही’. ‘बर्डीहून सदरपर्यंत पायी आलो, आणि तेही मे महिन्यात.’ इथे पायी येण्याबद्दल भर घालायची म्हणून ‘तेही’. मे महिन्यातलं नागपूर ज्यानं अनुभवलंय त्याला त्या ‘तेही’चं वजन वेगळं सांगायला नको. तसं वाचलं तर २:८ असं होतं: ‘कृपेने तुम्ही तारलेले आहात, विश्वासाद्वारे, आणि तेही तुमच्यातून नव्हे.’ प्रश्न ४ च्या उत्तराशी याचा फारसा झगडा नाही. दोन्हीकडे भार सगळ्या घटनेवरच राहतो.

८. मोठमोठ्या टीकाकारांनी काय म्हटलंय? व्याकरण एवढं स्पष्ट असेल तर वाद उरलाच कसा?

इथे माझ्या बाजूला अडचणीचा एक माणूस उभा आहे. योहान ख्रिसोस्तम, चौथ्या शतकातला अंत्युखियाचा प्रवचनकार, मरण इ.स. ४०७. ग्रीक त्याची मातृभाषा. या वचनावरच्या प्रवचनात तो म्हणतो की विश्वाससुद्धा आपल्यातून नाही. ख्रिस्त आला नसता, त्यानं बोलावलं नसतं, तर आपण विश्वास कसा ठेवला असता? म्हणजे ज्याला तूतोचं नपुंसकलिंग आपल्या ‘हे’सारखं अंगवळणी पडलेलं होतं, त्यालाही विश्वास त्यात बसतो असंच वाटलं. ‘व्याकरण याला मुळीच परवानगी देत नाही’ असं कोणी मंचावरून ठणकावलं, की मला ख्रिसोस्तम आठवतो.

आता दुसरा माणूस. देवाच्या निवडीवर एवढा भर देणारा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन ‘हे’ म्हणजे विश्वासच म्हणेल, असं आमच्यातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण १५४८ च्या टीकेत तो उलट सांगतो: विश्वास हे देवाचं दान आहे असं पौल इथे म्हणत नाही, तारण देवानं दिलेलं आहे असं म्हणतो. विश्वास देवानं दिलेला असतो हे कॅल्विन मानत होताच, फक्त ते या वचनावर लादायची त्याला गरज वाटली नाही. वाचावं तर असं.

ख्रिसोस्तमचा समकालीन बिशप ऑगस्टीन यानं मात्र या वचनातून विश्वास दान असल्याचाच अर्थ काढला. तो लॅटिन वाचत होता. लॅटिनमध्येही कृपा आणि विश्वास स्त्रीलिंगी आणि ‘हे’ नपुंसकलिंगी, म्हणजे पेच तोच.

९. मग विश्वास देवाचं दान नाही, असं तुम्ही शिकवता का?

नाही. हा प्रश्न दर वेळी थोड्या रागानंच विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. एक वचन एखादी गोष्ट सांगत नाही, म्हणजे ती नाकारतं असं होत नाही. ज्यांना हा विश्वासाचा विषय धरायचा आहे, त्यांनी फिलिप्पैकरांस १:२९ काढावं. तिथे ख्रिस्तावर विश्वास ठेवणं तुम्हाला ‘कृपेनं दिलं गेलं’ असं क्रियापदच आहे, सर्वनामाची कसरत नाही. त्याच्या आदल्याच वचनात, १:२८ मध्ये, ‘आणि हे देवाकडून’ असंही आहे. तिथे मागं निशाणी, नाश, तारण अशी तीन स्त्रीलिंगी ग्रीक नामं आणि सर्वनाम पुन्हा तूतो. प्रश्न ४ मधल्या कौलाला याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

शिवाय ‘हे’ म्हणजे सगळा व्यवहार असेल, तर विश्वास त्या व्यवहाराच्या आतच आहे. ख्रिसोस्तमला त्याची वाट बहुधा तिथूनच सापडली असावी.

१०. ‘कृपेने’ आणि ‘विश्वासाद्वारे’ यांत फरक काय? दोन्ही तृतीयाच ना?

मराठीत तशी वाटतात. ग्रीकमध्ये ‘कृपेने’ला नुसता विभक्तिप्रत्यय आहे. तिथे स्वतंत्र तृतीया उरलेली नव्हती, आपल्या चतुर्थीसारखी विभक्तीच करणाचंही काम करायची. ‘विश्वासाद्वारे’ला मात्र ‘दिआ’ हे शब्दयोगी अव्यय आहे. दिआपुढे षष्ठी आली तर अर्थ ‘द्वारे’, द्वितीया आली तर ‘मुळे’. इथे षष्ठी आहे. म्हणून ‘विश्वासामुळे तारण’ असं सांगणं म्हणजे विभक्ती बदलणं. नळामुळे पाणी येत नाही, नळातून येतं.

‘कृपे’च्या आधी उपपदही (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) आहे. २:५ मध्ये हीच गोष्ट उपपदाशिवाय येऊन गेली आहे, त्यामुळे आठव्यात ‘ती कृपा, मघाशी सांगितलेली’ असा भाव येतो.

११. ‘तारलेले आहात’ हा पूर्णकाळ आहे. मग तारण कधीच गमावता येत नाही, हे सिद्ध झालं ना?

सिद्ध नाही होत. ग्रीक रूप ‘एस्ते सेसोस्मेनोइ’ म्हणजे कर्मणी धातुसाधित आणि ‘आहात’, आपल्या ‘तारलेले आहात’शी तंतोतंत जुळणारं. कृती मागं पुरी झाली, तिचा परिणाम आज टिकून आहे. ‘दार उघडलेलं आहे’ म्हटलं की दार आत्ता उघडं आहे हे कळतं. रात्री कोणी लावेल की नाही, हे त्या वाक्यात नसतं. तारण टिकतं की नाही याचा निकाल इतर वचनांवर लावावा लागेल. आणि पौल हेच क्रियापद इतर काळांतही वापरतो: रोमकरांस ८:२४ मध्ये भूतकाळ, १ करिंथकरांस १:१८ मध्ये चालू काळ, रोमकरांस ५:९ मध्ये भविष्यकाळ. एकट्या २:८ वर सगळा भार टाकू नये.

१२. जुन्या हस्तलिखितांत या वचनात काही फरक आहे का?

किरकोळ आहे. पुढच्या काळातल्या बहुसंख्य हस्तलिखितांत ‘विश्वासा’च्या आधीही उपपद आहे, जुन्या व्हॅटिकन आणि सिनाई प्रतींत नाही. ‘हे’च्या अर्थाला त्यानं धक्का लागत नाही. याहून मोठी गोष्ट विरामचिन्हांची. सगळ्यात जुनी प्रत, इ.स. २०० च्या आसपासचा पपायरस ४६, अखंड मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. आपण जिथे स्वल्पविराम वाचतो ते सगळे नंतरच्या संपादकांचे. म्हणून स्वल्पविरामावरून वाद घालू नये.

१३. दहाव्या वचनात आपण ‘देवाची कविता’ आहोत, असं पास्टर म्हणाले. खरं का?

शब्द पोइएमा आहे आणि इंग्रजीतला कवितेचा शब्द त्याच्यापासून आला, इथपर्यंत खरं. पण त्या शब्दाचा साधा अर्थ ‘केलेली वस्तू, कृती’. रोमकरांस १:२० मध्ये हाच शब्द अनेकवचनात सृष्टीतल्या वस्तूंसाठी आला आहे, तिथे कोणी ‘कविता’ म्हणत नाही. वचनातलं खरं सौंदर्य शब्दक्रमात आहे: ‘त्याची’ हा शब्द सर्वांत आधी येतो. आठव्या वचनातही ‘देवाचं’ दानाच्या आधी आहे. पास्टरांना हे भर सभेत सांगू नका, चहाच्या वेळी सांगा.

१४. ग्रीक येत नाही, तरी हे स्वतः तपासता येईल?

येईल. ओळींमध्ये शब्दशः अर्थ दिलेली ग्रीक प्रत घ्या, मुळाक्षरं आठवड्याभरात येतात. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर निम्मं काम झालंय: देव, माला, वन यांची तीन लिंगं आणि विभक्तींचे तक्ते पाठ असलेल्याला ग्रीकचे तक्ते परके वाटत नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावला संपूर्ण बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं; १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याआधी ते काम हातावेगळं झालं होतं. ग्रीक मराठी माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं कोणी म्हटलं की मी त्यांचं नाव घेतो.

१५. आजीच्या कबरीवर हे वचन कोरायचं आहे. तुमच्या मते सर्वांत अचूक भाषांतर कोणतं?

हा प्रश्न एका ताईंनी पाठवला होता, आणि नंतर आणखी दोघांनी. आजी ज्या पुस्तकातून वाचत होत्या, त्यातलंच घ्या. त्यांना ते ज्या शब्दांत पाठ होतं, तेच शब्द दगडावर यावेत. जागा कमी असेल तर ‘देवाचे दान’पर्यंत थांबा, फक्त मधलं ‘हे’ गाळू नका. आणि कारागिराला कागद देताना ‘द्वारे’ मोठ्या अक्षरात सुटं लिहून द्या. ‘व्दारे’ असं कोरलेले दोन दगड मी पाहिले आहेत.